मुक्कामी गाडी

आठवड्यातून तीन रात्री माझी गाडी
गंगाखेडहून डोंगराकडं मुक्कामाला जाते.
त्या तीन रात्री घरात दोघंच,
अकरा वर्षांचा वैजू, सात वर्षांची कस्तुरी.
बाप चाकणला कंपनीत, सणावारी येणारा.

शिकवायला सुरुवात केली ती पाण्यापासून.
आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी येतो.
पहिला हंडा पिण्याचा, फडक्यातून गाळून,
मग रांजण, मग टिपाड,
शेवटचं गढूळ फरशीला.
"आन् तांदळाचं धुवण फेकायचं नाही रे,
डब्यातला कढीपत्ता वाट बघतोय."

मग गॅस. आधी काडी, मग बटन.
एकदा त्यानं आधी बटन केलं.
चार दिवस शाळेत अर्ध्या भुवईनं गेला.
माझ्या पोटात गोळा आला,
पण काडीपेटी फळीवर चढवली नाही,
होती तिथंच ठेवली.

भाकरीला मात्र अख्खा उन्हाळा लागला.
ज्वारीचं पीठ जुनं झालं की विरी जातं,
मग आधणाचं पाणी घालून मळावं लागतं,
हे सांगून कळत नाही,
काठवटीत फाटल्यावर कळतं.
त्याची पहिली भाकरी तव्यावर पडली
ती तीन तुकड्यांत.
कस्तुरी म्हणाली, "बरं झालं, वाटणी झाली."

शेजारच्या अनुसयाबाई दारातून वाकून बघायच्या.
"पोराच्या हाती काठवट? लेक हाय की घरात."
"लेकीकडं कुलूप-किल्ली हाय," मी म्हणाले,
"आन् दुधाचा हिशेब. भूक दोघांनाबी लागती."
त्या काही बोलल्या नाहीत.
पुढच्या आठवड्यात त्यांचा नातू
आमच्या ओट्याशी लसूण सोलत बसलेला दिसला.

मुक्कामाच्या गावात रेंज फक्त टाकीपाशी.
रात्री साडेआठला, पैशाची पिशवी काखेत दाबून
मी टाकीखाली उभी राहते.
पहिल्या महिन्यात फोन थांबायचा नाही:
डाळीला किती शिट्ट्या,
तेल तापलं हे कसं ओळखायचं,
पाल आहे, लाइट गेली, तू कधी येणार.
मग शिट्ट्यांचं विचारणं बंद झालं.
मग पालीचं.
शेवटचा प्रश्न बरेच दिवस टिकला.

परवा फोन आलाच नाही.
नऊला मीच लावला.
"काय केलंस रे?"
"येसराची आमटी."
"येसर किती घातलंस?"
"बघून."

बघून!
हा शब्द माझा.
मीठ किती, पाणी किती, आच किती,
सगळ्याला मी हेच सांगायचे
आणि तो चिडायचा, "बघून म्हणजे किती?"
आता तोच मला परत दिला त्यानं,
राहिलेल्या सुट्ट्या पैशासारखा,
मोजून, तळहातावर.

दोन घंट्या दिल्या की गाडी निघते.
ही दोरी चौदा वर्षं माझ्या हातात आहे.
त्या रात्री टाकीखाली वाटलं,
कुणीतरी दुसऱ्यानंच ओढली
आणि मी खालीच राहिले.

सकाळी घरी पोचले तेव्हा दोघं शाळेत गेलेली.
ओट्यावर ताटाखाली दीड भाकरी,
अर्धीची कड दातांनी कुरतडलेली, ते काम कस्तुरीचं.
आमटीत मीठ जरा पुढं.
उभ्यानंच जेवले.

काठवट धुऊन भिंतीला पालथी टेकवलेली.
मी तशी कधी ठेवत नाही,
मी उताणी ठेवते, खिडकीत, उन्हाला.
सरळ करायला हात पुढं केला,
बोटं फिरवून बघितलं,
ठणठणीत कोरडी होती.
राहू दिली.

ताट विसळलं, आणि ते पाणी घेऊन
कढीपत्त्यापाशी गेले,
तर डब्यातली माती
आधीच ओली.