मसुदे येत नाहीत

नोव्हेंबरातल्या शुक्रवारी, दुपारी चारलाच
राउमा बंदरावर अंधार पडला
आणि आम्ही अकरा जणांनी जुन्या ईमेलमधलं
चंबूगबाळं आवरायला घेतलं.

कागद-गिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग विकतो आम्ही:
बेअरिंग, पट्टे, रोलर,
आणि रोलर उशिरा पोचला म्हणून होणारी भांडणं.
सतरा वर्षांचं सगळं तिथंच साठलेलं.
नव्या अ‍ॅपचं भाडं निम्मं, हेल्मी म्हणाली.
हिशेब तिच्याकडे. विषय संपला.
हलवाहलवीचं काम माझ्याकडे आलं,
कारण मी एकदा प्रिंटर दुरुस्त केला होता.

निळी पट्टी सरकत राहिली.
बारा टक्के. तेरा. पुन्हा बारा.
ओइवाने वेलदोड्याचे पाव आणले,
कॉफीचं दुसरं भांडं चढलं.

आर्मासकडे निघाल्या
अठ्ठावीस हजार न वाचलेल्या मेल.
तो शांतपणे म्हणाला,
महत्त्वाचं असलं की माणूस फोन करतो.
सायमाच्या फोल्डरांना रंग होते:
हिरवा म्हणजे ग्राहक,
तांबडा म्हणजे तो एक ग्राहक.
नव्या जागेत रंग नव्हते.
भांडी मोजून घ्यावीत तशी ती
एकेक नाव पुन्हा टाइप करत बसली.

मग सूचनांच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत
मला ती ओळ दिसली.
आलेलं येतं. पाठवलेलं येतं.
कचरासुद्धा येतो.
मसुदे येत नाहीत.

टेबलाटेबलाशी जाऊन सांगितलं,
अर्धवट काही असेल तर आज पाठवा, नाहीतर पुसा.
वाटलं, दोन मिनिटांचं काम.

खोलीतली टकटक थांबली.

आर्मासने एक मोठ्याने वाचून दाखवला,
एका पुरवठादाराला घातलेल्या शिव्या, मुद्देसूद, क्रमांक देऊन.
कंपनी केव्हाच बुडाली, तो म्हणाला,
माझा राग बघा अजून तरंगतोय.

हेल्मीचं भिजत घोंगडं वेगळं.
नऊ राजीनामे, दर जानेवारीला एक.
पहिला दोन पानांचा,
मग वर्षागणिक आटत आटत
शेवटच्यात फक्त "आदरणीय".
आठ तिने पुसले.
नवव्याचं मी विचारलं नाही.

सायमाकडे एकच होता, दहा वर्षांपूर्वीचा.
"लौहा, तुझा मग अजून इथंच आहे.
हवा असेल तर"
पुढे काही नाही. टिंबही नाही.
लौहा वासाला निघून गेली तेव्हा
दोघींमध्ये काय झालं होतं, जुन्यांना ठाऊक,
आणि जुने बोलत नाहीत.
सायमाने वाक्य पुरं केलं नाही.
तसंच, लोंबतं, पाठवून दिलं,
आणि मग धुवायला निघून गेली.

माझेही दोन होते.
ते इथं लिहीत नाही.

नव्याची नवलाई नऊ दिवस म्हणतात.
आमची सोमवारच्या कॉफीपर्यंतही टिकली नाही:
शोध सापडेना, सही तिरकी,
आर्मासचे अठ्ठावीस हजार
दोनदा आले, छप्पन्न हजार झाले.
त्याने खांदे उडवले.

महिनाअखेरीस जुनं बंद करायचं होतं.
कुलूप लावण्याआधी न्हाणीत, माळ्यावर
एकदा नजर टाकतो माणूस,
तसा मी प्रत्येकाच्या रिकाम्या खात्यातून फिरलो.
मेल पुढे ढकलायची सोय
तीन दिवसांपूर्वीच संपली होती,
माझ्याच चुकीने.

सायमाच्या इनबॉक्समध्ये एक ठळक ओळ.
पाठवणारीचं नाव तेवढं वाचलं. उघडली नाही.

ती खिडकीशी होती,
तांबड्या ग्राहकाशी फोनवर, हात कपाळाला.
मी थांबलो. फोन संपला.
म्हटलं, सायमा, जुन्या जागी एकदा जाऊन ये.
दाराशी कुणीतरी उभं आहे.

पासवर्ड तिला पाठ होता.
पहिल्या वेळी चुकला.