बिदागी

साखर पेठेत, बंद मागांच्या शेडमध्ये
आम्ही चौघं : दोन व्हायोलिनं, एक सारंगी,
आणि इरण्णाची क्लॅरिनेट,
लग्नाच्या बँडमधून सुटलेली.

नवी रचना हवी होती, फक्त आमच्या हातांसाठी.
अंबादास येमूलनं लिहून दिली.
बिदागी अकराशे रुपये
आणि शेंगाचटणीचा डबा.

मध्येच त्यानं सात मात्रा कोऱ्या सोडल्या,
समासात बारीक अक्षरात :
धागा तुटला. थांबा. सांधा.

पहिल्या प्रयोगाला एकोणीस माणसं.
उकाडा असून पंखा बंद.
सात मात्रा आल्या,
आणि मागच्या बाकावर नरसव्वाची बोटं
कुणी न सांगता
हवेतच गाठ मारू लागली.

इरण्णा बघतच राहिला.
आठवी मात्रा उशिरा आली.

येमूलनं वहीतला सात खोडला,
पुढं काही लिहिलं नाही.