कोरी घरं

लिऊ जाताना पंखा विसरला की ठेवून गेला, कळलं नाही.
अक्कलकोट रोडला नवे माग बसवायला आला होता, बावीस दिवस.
शेंगाचटणी खाऊन डोळे पुसायचा, वर पुन्हा मागायचा.
नट हवा असला की बोटांनी हवेत नट काढायचा.

घडीचा पंखा, बांबूच्या सोळा काड्या.
उघडला की डोंगर.
काळ्या शाईचेच, पण काळे नाहीत :
एक जवळचा, ओला,
एक मागचा, जेमतेम,
आणि मध्ये काहीच नाही.
त्या काहीच-नाहीतून नाव चाललीय,
नावेत माणूस, तिळाएवढा.

मी एकतीस वर्षं चादरींचे ग्राफ भरतो.
भरलेलं घर म्हणजे पंचकार्डावर भोक.
मोर भरले, कमळं भरली, एकदा एका पुढाऱ्याचं तोंडसुद्धा.
कोपरा रिकामा दिसला की यन्नम मालक विचारणार,
'इथं काय विसरलास, अंबादास?'

रात्री पंखा कागदाशेजारी उघडला.
जवळचा डोंगर : चारशे अकरा घरं.
नाव : नऊ.
माणूस दोन घरांत बसला, तिसरं टोपीला.
धुक्यापाशी पेन्सिल अडली.
भरलं तर धुकं राहत नाही.
सोडलं तरी धोटा तिथून जायचाच,
सूत तेवढंच खायचा.
कोरी चादर काट्यावर कधी हलकी भरलेली नाही.

दहा चाळीसला लाईट गेली.
दाजी पेठेतले सगळे माग एका दमात गप्प.
कुणाच्या तरी घरात पाण्याचं भांडं ठेवल्याचा आवाज आला,
तोही केवढा मोठा.
राजेश्वरी म्हणाली, 'बघत काय बसलात? वारा घाला.'

घातला.
डोंगर दिसत नव्हते, घड्या लागत होत्या बोटांना.
'कापराचा वास येतोय,' ती म्हणाली. 'देवाकडचा आहे का?'
'नाही. लांबचा.'
मग ती झोपली, आणि मी
हात दुखेपर्यंत ती नाव हलवत राहिलो.

सकाळी मालकांनी ग्राफ खिडकीच्या उजेडाला धरला.
मधल्या पट्ट्यावर अंगठा फिरवला.
'इथं काय?'
'धुकं.'
बाहेर मे महिना, नऊ वाजताच पत्रा तडतडत होता.
ते बराच वेळ तसेच उभे राहिले.
मग म्हणाले, 'पांढरं सूत गोदामात कमी आहे.'