हात न टेकता

मिरजेच्या दवाखान्यातली पोरगी म्हणाली,
काका, खाली बसा. मांडी घाला.
आता उठा,
हात न टेकता.

मी हसलो.
म्हटलं, बाई, शंभर किलोचं पोतं पाठीवर घेऊन
फळीवरनं ट्रकात चढलोय सगळी हयात.
दिवसाला किती, ते मुकादमाला ठाऊक.
आणि मला उठून दाखवायला सांगतीस?

बसलो.
उठता येईना.

फरशीनं धोतर धरून ठेवल्यागत.
उजवा हात आपसूक खाली गेला,
घसरणाऱ्या पोत्याकडं जातो तसा.
तिनं कागदावर काहीतरी लिहिलं.
मला वाचता येतं,
पण मी बघितलं नाही.

सांगलीच्या गाडीत मांडीवरचे हात बघत आलो.
यार्ड सोडून सहा वर्षं झाली
तरी नखांच्या कडा पिवळ्या.
सुलाक्का असताना म्हणायची,
उशीच्या खोळीला रोज हळद लागतीया,
लगीन तेवढं राहिलंय तिचं.

ताकद होती की.
पोत्यामागं इतके रुपये, अशी
सौद्याच्या दिवशी सगळी विकली.
घरी आणायचं ध्यानातच आलं नाही.

आता सकाळी अंगणात खुर्ची.
उठायचं, बसायचं, दहा वेळा.
नात समीक्षा मोजायला.
अर्धवट उठलो तर
तिचा आकडा पुढं सरकत नाही.
मुकादम बरा होता,
चहा पाजला की एखादं पोतं जास्त धरायचा.

भडंगाच्या रिकाम्या पिशवीत वाळू भरली.
तीन किलो.
तीन!
दस्तगीर बघायला आला.
तीस वर्षं पोत्याचं ते टोक त्याचं, हे माझं;
हुप्प म्हटलं की दोघांचा श्वास एकदम थांबायचा.
पिशवी बघून खोकला येईस्तोवर हसला.
दुसऱ्या दिवशी स्वतःची घेऊन आला.
चार किलोची.

मग भिंतीपाशी.
गल्लीच्या भिंतीवर एकोणीसच्या पुराची खूण आहे,
माझ्या डोक्याच्या वर वीतभर.
टाचा उचलायच्या, बोटं खुणेला लावायची,
सावकाश खाली यायचं.
हे त्या पोरीनं सांगितलेलं नाही,
हे माझं मी काढलंय.
त्या रात्री पत्र्यावरनं होडीत
दोन पोरांनी मला उचलून ठेवलं,
एकानं काखेत, एकानं गुडघ्यात धरून.
काका, अंग सैल सोडा, म्हणत होती.
जन्मात पहिल्यांदा मला कुणी उचललं,
आणि मला कळलं
पोत्याला काय वाटत असंल.
पाण्याची भीती नाही वाटली तेवढी.

गुडघे अजून कुरकुरतात.
पावसाळी हवेत तर नावं ठेवतात मला.
चार दिवस चुकवले की पाचव्या दिवशी
खुर्ची चार बोटं खोल गेलेली असते.
पण परवा रेशनच्या रांगेत
पुढच्या म्हातारीचा डबा खाली पडला,
आणि वाकून उचलून देईपर्यंत
मला आठवलंच नाही
की मला वाकता येत नव्हतं.

ईदला दस्तगीरच्या घरी सतरंजीवर बसलो.
शिरखुर्मा दोन वाट्या झाला.
सगळी उठली,
पोरंटोरं तर उडाली चिमण्यांसारखी.
मी पाय जवळ घेतले.
दस्तगीर दारात तांब्या घेऊन उभा.
हुप्प,
मनातल्या मनात म्हटलं,
आणि तिकडं त्याचा श्वास थांबलेला दिसला मला.

उठलो.

करंगळी टेकली.
एकच, जरा.
त्यानं बघितलं,
बोलला काही नाही, हातावर पाणी घातलं.

समीक्षाला सांगावं लागंल उद्या.
ती हे धरणार नाही.