शेवटच्या भागाची नोंद

त्या वर्षी शाळा सुटली नि आम्ही देवरुखला निघालो.
बाबा मागे, फहाहीलला,
आणि बर्कून मागे:
एक शिंग मोडलेला, पाण्याला भिणारा,
जपानहून निघून अरबीत उतरलेला राक्षस,
दर सोमवारी साडेचारला
आमच्या बिल्डिंगमधल्या सतरा पोरांचा.

सतरा. मी मोजली होती.
तिसऱ्या मजल्यावर शिजोकडे टीव्ही मोठा,
म्हणून सगळ्यांच्या चपला त्याच्या दारात,
आणि एसी वाढवत त्याची आई मल्याळममध्ये
काय बडबडते ते सगळ्यांनाच कळायचं.

अरबी आम्ही बर्कूनकडून शिकलो.
ग्रंथांतली, जड, शब्दाचं शेपूट न गिळणारी अरबी.
बकाल्यात जाऊन मी एकदा तीच बोलले:
"हे सन्मित्रा, मजला दोन खुब्ज अर्पण कर."
दुकानदार हसता हसता गल्ल्यावर पडला.
जणू कोणी बखरीतून उठून पाव मागायला आलं.

सप्टेंबरात परतलो. शेवटचा भाग होऊन गेलेला.
बॅगा खाली टाकून जिन्यातच विचारलं.
शिजो म्हणाला, मेला. बोट गळ्यावरून फिरवून दाखवलं.
मुअतसिम म्हणाला, छे, झोपलाय, हजार वर्षं,
आणि उठला की पहिल्यांदा सुदानला येणार.
झरमीना काही बोलली नाही. तिनं टीव्ही मधेच बंद केला होता,
त्यापायी आठवडाभर पोरांनी तिला वाळीत टाकलेलं.
शिजोचा दादा, नववीतला, नुकती मिसरूड फुटलेला,
म्हणाला, अरे, त्याचा इकामा संपला. बस्स.
सगळे हसले. मुअतसिम नाही.
त्याचे वडील त्याच महिन्यात कागद घेऊन
या खिडकीतून त्या खिडकीत फिरत होते.

बाबांना मी देवरुखच्या बूथवरून सांगितलं होतं,
बघून ठेवा.
लाल आकडे पळत होते, मागे आत्या उभी, तिलाही बोलायचं.
बघतो, म्हणाले. बाबांची अरबी
"थांब", "गॅस", "उद्या" यांच्या पुढे गेली नव्हती.

रिफायनरीच्या लॉगबुकाचं पान. हिरव्या रेघा.
पाळी: दुसरी (रजा घेतली).
१६:३२ मुलगा समुद्राकाठी उभा. वारा बराच.
१६:३७ मोडक्या शिंगाचा आला. मुलगा बोलतो, तो ऐकतो. विषय कळला नाही.
१६:४४ जाहिरात. बिस्किटं.
१६:४९ मोडक्या शिंगाचा पाण्यात उतरला. स्वतःहून.
१६:५१ दार बंद. दोघेही बरे आहेत.
शेरा: एसी गळतो, बादली लावली.
खाली सही. सहीशिवाय बाबांनी पान सोडलं नसतं.

ते पान मी जिन्यात वाचून दाखवलं, हिंदीत.
शिजो म्हणाला, तुझ्या पप्पांना काही कळलंच नाही.
झरमीना म्हणाली, ते पाण्यातलं परत वाच.
वाचलं.
परत, म्हणाली.

आता तो भाग कुठेही सापडतो. पाहिला.
अरबी येते मला आता, ग्रंथांतलीही, बाजारातलीही.
दार बंद होतं, एक अलीकडे, एक पलीकडे,
आणि त्याआधी मुलगा काय म्हणतो तेही कळलं.
ते माझ्याकडे राहू दे.
दोघेही बरे आहेत असं मात्र
त्यात कोणी कुठे म्हणत नाही.
ते वाक्य बाबांच्या पत्रांतलं,
आम्हाला व्हिसा मिळायच्या आधीच्या,
दर पंधरवड्याला, शेवटून दुसरी ओळ.

बादलीचं खरं होतं.
आम्ही आलो तेव्हा ती खिडकीखाली तशीच होती,
आतल्या बाजूला मिठासारखी पांढरी रेघ,
पाणी रोज कुठवर चढायचं त्याची.