की-मॅन

कालपासून पोटात फक्त मुगाचं पाणी
आणि बाटलीतलं ते खारट औषध.
घरात कळण्याची भाकरी. सुमनने ताटावर ताट झाकलं,
वास झाकला गेला नाही.

जळगावात, तिसऱ्या मजल्यावर,
नूतन भिरूड म्हणाली, बाबा, कुशीवर व्हा.
मागून बारीक नळी, मग हवा.
सायकलच्या ट्यूबसारखा फुगत गेलो.
लाज मला वाटली; तिने फक्त चादर सारखी केली.

श्वास घ्या. रोखा.
रोखला.
आता पालथे.

एकतीस वर्षं परधाडे ते माहेजी
पायी रूळ पाहिला मी.
खांद्यावर हातोडा, हातात पाना.
केसाएवढी भेग
गाडीच्या आधी दिसली पाहिजे, एवढंच काम.
आणि उखर्डूभाऊला रक्त पडायचं
तर मूळव्याध म्हणून दोन वर्षं ताक पाजलं आम्ही.

डॉक्टरांनी पडद्यावर दाखवला
माझाच बोगदा, गुलाबी, वळणावर वळण,
आणि आतून चाललेली नजर.
एका वळणाशी ती थांबली.
सात मिलिमीटर, म्हणाले, दुर्बिणीने काढू,
तपासायला पाठवू, मग बोलू.

कितव्या किलोमीटरला? मी विचारलं.
ते हसले नाहीत. माउस फिरवून मोजलं:
दारापासून चाळीस सेंटिमीटर.

खाली रिक्षात सुमन.
"काय दखायनं?"
"मसूरना दाना."
तिने पिशवीतून भाकरी काढली,
अर्धी मोडली, हातातच धरून राहिली.
तेवढ्यात उरलेली हवा सुटली, चांगली लांब.
रिक्षावाल्याने आरसा नीट केला.