अकरा सेकंद

फॉर्मच्या तिसऱ्या पानावर चौकट आहे:
हा विषय का निवडलात? दीडशे शब्दांत.
शेवटची मुदत आज रात्री अकरा एकोणसाठ.
आत्ता सव्वादहा. उद्यमनगरातले लेथ गप्प झालेत,
गल्लीत फक्त कटिंग ऑइलचा वास जागा आहे.

मी लिहिते: रिअल-टाइम प्रणालीत
उशिरा आलेलं बरोबर उत्तर हे चूक उत्तरच असतं.
खोडते.
हे त्यांना माहीत आहे, त्यांनीच शिकवलंय.

मग काय सांगू?
शिरोलीच्या फाउंड्रीत माझा बाप, सातापा कांबळे,
रसात मॅग्नेशियम पडलं, पांढरा उजेड फुटला
की तोंड फिरवून मोजायला लागायचा.
घड्याळ नाही. तंबाखू मळत, अंगठ्यानं.
आठ मिनिटं.
नवव्या मिनिटाला रस तसाच दिसतो,
तसाच वाहतो, भाजतोही तेवढाच,
आतलं मॅग्नेशियम मात्र उडून गेलेलं असतं
आणि ते कुणाच्या डोळ्याला कळत नाही.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी
मी त्याला एक बोर्ड करून दिला, साबणाच्या डबीत बसवून.
वेळ मोजायची, तापमान वाचायचं, कार्डावर लिहायचं,
साहेबांच्या स्क्रीनवर आलेख काढायचा (तो साहेबांनी मागून घेतलेला)
आणि वेळ संपली की भोंगा.

सतरा दिवस भोंगा वेळेवर वाजला.
अठराव्या दिवशी अकरा सेकंद उशीर.
त्या दिवशी बापानं मोजणं सोडलं होतं.
पोरीचं यंत्र होतं ना.

अकरा सेकंदांत दोन साचे भरतात.
पण कुठले दोन? म्हणून अख्खी हीट, बेचाळीस नग, बाजूला.
बाप हातोडी घेऊन बसला.
चांगला नग घंटेसारखा बोलतो, लांबपर्यंत.
बिघडलेला नुसता भद्द.
संध्याकाळी म्हणाला, "दोन न्हाईत वैजे, तीन हायत."
चार दिवसांचा पगार कापला गेला.
घरी येताना पंचगंगेच्या पुलावर
गाडी चालवता चालवताच मागं न बघता म्हणाला,
"भोंग्याची चूक न्हाई. त्येला कुनीतरी आडवलं आसंल."

दोन महिने शोधत होते. तेच निघालं.
भोंग्याला हवी ती किल्ली
कार्डावर लिहिणाऱ्या हलक्या कामाकडे होती,
आणि त्या हलक्या कामाला उठवून
मधे आलेख बसला होता, रंग भरत.
सगळ्यात निकडीचा सगळ्यात खालच्यासाठी थांबला
आणि मधल्याला कुणी काही विचारलं नाही.
ह्याला नाव आहे. उपायही आहेत.
पण एका चिपवर चार कोअर आले
की ते उपाय पुन्हा अडखळतात.
कुठे अडखळतात, ते मला शोधायचंय.

मोजते. दीडशेच्या वर गेलेत शब्द.
पगाराची ओळ काढून टाकते.
पुलाची ठेवते.

इंगवले मॅडमनी जाहिरात पाठवली तेव्हा बापाला वाचून दाखवलेली:
महिना सदतीस हजार, पाच वर्षं.
"शिकायचं पैसं तुलाच देनार? उलटं?"
व्हय.
"आनी कापत न्हाईत?"
नाही, पण चार-चार महिने थकतं म्हणतात.
"वेळेच्या साळंत?" म्हणून इतका हसला
की ठसका लागला.

अकरा एकावन्न. सबमिट दाबलंय.
पानावर चक्र फिरतंय, नुसतंच फिरतंय.
माझ्या फॉर्मची किल्ली आत्ता कुणाकडे आहे,
कोण मधे रंग भरत बसलंय, कळायला मार्ग नाही.
दारात एम-एटी थांबते. दुसऱ्या पाळीचा बाप,
भुवयांत वाळू.
"झालं?"
अजून नाही.
"किती हाय?"
आठ मिनिटं.
"मग हाय की,"
म्हणतो, आणि उंबऱ्यावर टेकतो,
तळहातावर अंगठा.